पणजोबा दत्तक आलेले. मूळ घराणं डीएनए चाचणीने सापडेल का?

तुम्ही लिहिलंय की पणजोबा लहानपणी दत्तक आले, त्यांचं जनक घराणं कोणतं हे घरात कुणालाच ठाऊक नाही, वडील हयात नाहीत पण काका आणि आत्या आहेत, आणि अमेरिकेतली बहीण स्वतःची चाचणी करून पाहते म्हणते. माझ्या आजोळी हाच प्रश्न होता आणि तो सुटला, म्हणून सविस्तर लिहितो.

नुसत्या चाचणीने घराणं सापडेल अशी आशा धरू नका. एखाद्या घराण्याबद्दल संशय असेल, तर तो खरा की खोटा हे मात्र चाचणी फार चांगलं सांगते. चाचणी करणारी कंपनी तुमचा लाळेचा नमुना तिच्याकडे आधीच आलेल्या नमुन्यांशी ताडून पाहते, आणि त्यांत बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत. तुमच्या पणजोबांच्या भावाचा वंशज आपल्या गावातच राहत असेल तर तो त्या यादीत असण्याची शक्यता फार कमी. म्हणून आधी कागदांतून आणि माणसांकडून एक-दोन घराणी हेरायची, मग त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना नमुना द्यायची विनंती करायची.

बहिणीपेक्षा काका आणि आत्यांचा नमुना कितीतरी मोलाचा आहे. बहिणीत पणजोबांच्या डीएनएचा सरासरी आठवा हिस्सा उतरलेला असणार, काका-आत्यांमध्ये चौथा. दोघांमध्ये तो हुबेहूब एकच नसतो, म्हणून दोघांचेही नमुने घ्या. जुळणारा डीएनए सेंटिमॉर्गन या एककात मोजतात; आकडा जितका मोठा तितकं नातं जवळचं. आई किंवा वडील आणि मूल यांच्यात तो ३,४०० च्या वर असतो, सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी ८५० च्या आसपास. पणजोबांच्या सख्ख्या भावाच्या नातवाशी तुमचे काका सरासरी सव्वादोनशेच्या घरात जुळतील. हे नातं खरं असेल तर ते चाचणीत दिसल्यावाचून राहत नाही. एक पिढी खाली, म्हणजे तुमच्या बहिणीच्या आणि त्या भावाच्या पणतवंडाच्या बाबतीत, सरासरी सत्तरवर येते, आणि दहापैकी एखाद्या जोडीत काहीच जुळत नाही. तेव्हा ‘जुळलं नाही’ याचा अर्थ काय लावणार?

काकांचा नमुना आणखी एका कारणाने हवा. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. पणजोबांचं वाय आजोबांमधून काकांकडे आलंय. आत्यांकडे आणि बहिणीकडे ते नाही. फॅमिली ट्री डीएनए ही कंपनी अशी चाचणी वेगळी करते. पण आपल्याकडे दत्तक बहुतेकदा भाऊबंदांतूनच घेत. तसं झालं असेल तर दत्तक घेणाऱ्याचं आणि जनक बापाचं वाय एकच असणार, आणि ही चाचणी नेमकं घर दाखवू शकणार नाही. वाय वेगळं निघालं तर दत्तक भाऊबंदांबाहेरून आलं असावं, असं म्हणायला आधार मिळतो. त्यासाठी आजच्या भाऊबंदांतल्या एका पुरुषाचाही नमुना लागेल. आईकडून उतरणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या चाचणीवर इथे पैसे घालवू नका. पुरुष तो पुढच्या पिढीला देत नाही, त्यामुळे पणजोबांचा तुमच्यापर्यंत आलेलाच नाही.

आकड्यांकडे आपल्या लग्नांच्या रीतीप्रमाणे पाहावं लागतं. पिढ्यान् पिढ्या जातीतच, पंचक्रोशीतल्या त्याच घरांत सोयरिकी, मामाची मुलगी करण्याची पद्धत. त्यामुळे लांबच्या माणसांशीही बारीक बारीक तुकडे जुळतात आणि बेरीज फुगते. एकूण बेरजेबरोबर सर्वांत लांब सलग तुकडा किती आहे तेही पाहा. दोन-चार मोठे तुकडे जवळचं नातं सांगतात. नुसत्या पाच-सात सेंटिमॉर्गनच्या तुकड्यांची बेरीज समाजातलं जुनं रक्त सांगते. आडनावावर तर अजिबात विसंबू नका. कुलकर्णी, देशमुख, पाटील ही वतनाची आडनावं आहेत, गावोगाव वेगळ्या घरांची.

संशय कुठून आणायचा? मी सर्वांत आधी आत्यांना एकच विचारेन: ‘कोणत्या घराशी आपल्यात सोयरीक करत नव्हते?’ दत्तक गेला तरी जनक घराण्यातले लग्नाचे निषेध सुटत नाहीत, आणि कारण विसरलं तरी ‘त्या घरात मुलगी द्यायची नाही’ एवढं बायकांच्या तोंडी टिकून राहतं. आजोळी आम्हाला घराचं नाव अशाच एका वाक्यातून मिळालं. मग दत्तकपत्र शोधा. ते बहुधा मोडीत असेल. जमीन पणजोबांच्या नावावर कशी चढली त्याचा जुना फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा. संशयित गावचा गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, जन्माच्या नोंदीसाठी पाहा. त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकच्या तुमच्या उपाध्यायांच्या वह्याही पाहा.

त्या घरी गेल्यावर पहिली भीती जमिनीची असते. हे हिस्सा मागायला आलेत असं वाटतं आणि दार मिटतं. दत्तक गेलेल्याचा जनक घराण्याच्या मिळकतीतला वारसाहक्क संपतो, हे आधीच मोकळेपणाने सांगा, हवं तर तसं लिहून द्या. माझ्या मामांनी तेच केलं. तिथल्या एका वृद्ध काकांनी नमुना दिला आणि दोघांत नऊशेच्या आसपास सेंटिमॉर्गन जुळले, सख्ख्या चुलत भावांत असावेत तेवढे. तेवढाच आकडा इतर एक-दोन नात्यांतही येऊ शकतो, पण दोघांची वयं आणि मोडी दत्तकपत्र यांच्याशी दुसरं कुठलंच नातं बसत नव्हतं. मामा त्या वर्षीपासून त्यांच्याकडे गणपतीला जातात.

अहवालात ‘इतके टक्के अमुक प्रदेश’ असा रंगीत नकाशा येईल. तो कंपनीजवळच्या तुलनेच्या नमुन्यांवर ठरतो आणि ते वाढले की टक्केही बदलतात. तुमच्या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही.

काका-आत्यांची संमती खरी हवी. घरातलं दुसरंच एखादं झाकलेलं नातं उघडं पडू शकतं, हे त्यांना नमुना देण्याआधी कळलं पाहिजे. माहितीचीही जोखीम आहे: ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अहवाल आला की मूळ डेटा स्वतःकडे उतरवून घ्या, आणि काम झाल्यावर नमुना नष्ट करायला सांगा. भारतातून लाळेचा नमुना स्वीकारतात का, हे किट मागवण्याआधीच कंपनीला विचारा. आत्यांचं वय बघता हे दिवाळीपर्यंत लांबवू नका.