माय वावरातून परतते तेव्हा

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कापसाची वेचाई सुरू झाली, बाया सकाळीच लेकरं आजीजवळ ठेवून वावरात जातात, लेकरं रडून आकांत करतात, आणि यांचं पुढं कसं होईल म्हणून तुला झोप लागत नाही.

त्या रडण्याला भिऊ नको. सात-आठ महिन्यांच्या लेकराला आपलं माणूस कोण ते कळू लागतं, म्हणून तर ते दूर गेलं की रडतं. ही जिव्हाळा जडल्याची खूण आहे. तुला पाहायचंच असेल तर सांज पाहा.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५४-५५ च्या सुमारास युगांडाच्या खेड्यांत घरोघरी बसून माय-लेकरं पाहिली. पुढं अमेरिकेत बाल्टिमोरला त्यांनी वर्षभराच्या बाळांसाठी वीसेक मिनिटांची पाहणी बसवली. आई खोलीबाहेर जाते, थोड्या वेळानं परतते. बाळ किती रडलं यापेक्षा ती परतल्यावर ते काय करतं, यावर त्यांची नजर होती. बरीच बाळं बिलगतात, निवतात, पुन्हा खेळायला जातात. काही तोंड फिरवतात. काही बिलगूनही लाथा झाडत राहतात, शांतच होत नाहीत.

हे शिकून आले आणि माझ्या हातून चूक झाली. एका सांजेला एका घरी बसले होते. बाई पऱ्हाटीतून आली, बोटांवर बोंडांचे ओरखडे. आजीच्या मांडीवरच्या दहा महिन्यांच्या पोरानं तिच्याकडं पाहिलं आणि मान वळवली. मी बोलून गेले, "मायला विसरलं वाटते!" तिचा चेहरा उतरला. हात धुवायला न्हाणीत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. ते पोरगं दमलं असेल, भुकेलं असेल. एका सांजेवरून काय कळतं? तू कुठल्याच लेकरावर असा शिक्का मारू नको.

आणि आजीला कमी लेखू नको. शाफर आणि इमर्सन या अभ्यासकांनी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोतल्या ६० बाळांचा अभ्यास १९६४ मध्ये मांडला. जो भरवतो त्याच्याशीच बाळ जुळतं असं काही त्यात दिसलं नाही. जो हाकेला ओ देतो, खेळवतो, त्याच्याशी जुळतं. बाप, आजी, कोणीही. म्हणून "सारखं उचललं तर शेफारते" असं कोणी म्हटलं, तर तान्ह्या लेकराच्या बाबतीत ते खरं नाही, असं स्पष्ट सांग.

अंगणात कधी नीट पाहा. चालू लागलेलं लेकरू शेळीकडं दोन पावलं जातं, थांबतं, वळून आपल्या माणसाकडं पाहतं. तिथून नजर मिळाली की आणखी दोन पावलं. यालाच सुरक्षित आधार म्हणतात. बिलगणं आणि दूर जाणं, दोन्ही त्याच आधारावर.

बाईला इतकंच सांग: आल्या आल्या चुलीकडं वळू नको, आधी पाच मिनिटं लेकराला घेऊन बस. आणि तिची घागर तेवढ्यापुरती कोणीतरी दुसऱ्यानं भरावी, हे घरच्या माणसांना तू सांग. ते तिला सांगता येत नाही.

वेचाई आहे तोवर गृहभेटी सकाळी अकराला ठेवू नको. दिवेलागणीला जा.

तुझी,
ताई