उन्हाळी लागली की ड्रॉवरमधली गोळी?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३४. गेल्या आठ महिन्यांत ही तिसरी वेळ, लघवीला इतकी जळजळ होते की बाथरूमला जायचीच भीती वाटते, आणि जाऊन आले की पाच मिनिटांत परत जावंसं वाटतं, होतात मात्र चारच थेंब. ताप नाहीये. मागच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या काही गोळ्या उरल्यात, त्यातल्या दोन घेतल्या की बरं वाटतं म्हणून दरवेळी तेच करते. हे चालेल का? खरं सांगायचं तर दवाखान्यात जाऊन हे सगळं सांगायला लाज वाटते.

उत्तर : लाजेचं काय ते नंतर बघू, आधी त्या गोळ्या ड्रॉवरमधून काढा. दोन गोळ्यांनी जंतू दबतात, सगळे मरत नाहीत, आणि त्याच औषधाला न जुमानणारे जे असतात नेमके तेच मागे उरतात. वर अँटिबायोटिक पोटात गेल्यावर तपासणी केली तर रिपोर्ट क्लीन येऊ शकतो, म्हणजे जळजळ तशीच आणि डॉक्टरच्या हाती काहीच नाही! सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा इन्फेक्शन झालं तर आम्ही ते वारंवार होणारं धरतो. तुमच्या तिन्ही वेळा इन्फेक्शनच होतं का हेही अजून कुणी तपासलेलं नाही, म्हणून यावेळी युरिन रुटीनसोबत कल्चर (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध चालेल ते बघायची तपासणी) करा, गोळी सुरू करायच्या आधी. पहिली धार सोडून द्यायची, मधली बाटलीत धरायची आणि लगेच लॅबला पोचवायची. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, तोपर्यंत डॉक्टर गरज वाटली तर औषध सुरू करतात, मग गरजेप्रमाणे बदलतात. साध्या इन्फेक्शनला बऱ्याचदा तीन ते पाच दिवसांचा कोर्स पुरतो, पण दिला तेवढा पूर्ण घ्यायचा.

आता एक गोष्ट नीट आठवून बघा, जळजळ आतून होते का बाहेरून? लघवी होताना आत आग, ओटीपोटात दुखणं, सारखी घाई, हे मूत्राशयाचं लक्षण, तुमचं वर्णन तसंच वाटतंय. पण लघवी बाहेरच्या कातडीला लागल्यावर झोंबत असेल, सोबत खाज किंवा अंगावरून पांढरं जात असेल, तर बुरशीचं इन्फेक्शन असू शकतं, नाहीतर नवा सुगंधी साबण किंवा इंटिमेट वॉश, आणि त्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, उलट बुरशी वाढायची. (ते वॉश बंदच करा, साधं पाणी पुरतं.)

स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटीमीटर, शौचाची जागा शेजारीच, त्यामुळे आतड्यातला ई. कोलाय नावाचा जंतू सहज वर चढतो. यात तुमच्या अस्वच्छतेचा काही संबंध नाही, तेव्हा लाजायचं कारणच नाही. जळजळ होते म्हणून बायका पाणी कमी पितात आणि लघवी घट्ट होऊन अजून झोंबते, तेव्हा रंग फिकट राहील इतकं प्या. २०१८ च्या एका अभ्यासात, ज्या बायका एरवी कमी पाणी प्यायच्या त्यांनी रोज दीड लिटर जास्त प्यायल्यावर हा त्रास जवळजवळ निम्म्यावर आला. लघवी तुंबवू नका, संबंधांनंतर जाऊन या. लघवी अल्कलाइन करणाऱ्या सिरपने आग कमी वाटेल, जंतू मरत नाहीत, आणि किडनीचा त्रास असेल तर ते विचारल्याशिवाय नको.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या, यातलं काही झालं तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं. लघवीत रक्त दिसलं किंवा दिवस राहिले असतील तरी त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : वय ५८, पुरुष. जळजळ होते, धारही बारीक झालीये. बायकोच्या गोळ्या घेऊ का?

उत्तर : नको. पुरुषांची नलिका साधारण २० सेंटीमीटर, तिथे इन्फेक्शन सहजासहजी होत नाही, झालंच तर मागे कारण शोधावं लागतं, तुमच्या वयात बहुतेकदा प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी), कधी खडा. कल्चर आणि सोनोग्राफी करून घ्या, साखरही तपासा. जोडीदार नवीन असेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणी सांगा, गनोरिया-क्लॅमिडिया या संबंधांतून पसरणाऱ्या आजारांची तपासणी वेगळी असते आणि औषध दोघांना घ्यावं लागतं. आणि लघवी अजिबातच होईना, पोट फुगलं, तर सकाळ व्हायची वाट न बघता रात्रीच हॉस्पिटल गाठा.