ड्यून बगीला (वाळूत चालवायच्या, उघड्या चाकांच्या हलक्या गाडीला) काढता-घालता येणारे मडफ्लॅप (चाकामागे लटकणाऱ्या पट्ट्या) बसवले, तर ती कोल्हापुरात रस्त्यावर कायदेशीर ठरेल का?

केवळ मडफ्लॅपमुळे नाही. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार नोंदणी हवीच, आणि त्यासाठी वाहनाचा मूळ नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेने प्रमाणित केलेला असावा लागतो. नोंदणी असेल, तर मात्र फ्लॅप अवश्य बसवा, कारण उघड्या चाकातून उडालेला खडा मागच्या दुचाकीस्वाराच्या थेट तोंडावर येतो.

शिवाजी उद्यमनगर या कोल्हापुरातल्या औद्योगिक वसाहतीत टायरपेक्षा किंचित रुंद, जाड रबरी पट्टी आणि लोखंडी ब्रॅकेट करून घ्या. पुढचा ब्रॅकेट चासीला (गाडीच्या सांगाड्याला) न जोडता चाकाबरोबर वळणाऱ्या भागाला जोडा, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावरही टायरमागे फ्लॅप राहील. अडकवायला स्प्रिंग क्लिपची पिनच वापरा, कारण नुसता विंग नट (हाताने फिरवायचा पंखांचा नट) हादऱ्यांनी सैल होतो. ब्रेकच्या नळीला काही घासत नाही ना, हे चाक दोन्ही बाजूंना वळवून तपासा.