कांद्याची नोटीस

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

देशादेशांतल्या व्यवहारात नियम चालतात की ताकद, यावरच्या तुझ्या निबंधाचा कच्चा खर्डा दोनदा वाचला. ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीनं सुरुवात केलीस आणि पंधरा पानांनंतर पुन्हा तिथंच येऊन थांबलीस. म्हण खोटी नाही. पण कान पिळणारा पिळताना तोंडानं काय बोलतो, तिकडे तुझं लक्षच गेलेलं दिसत नाही.

निकाराग्वाचं प्रकरण तू चार ओळींत उरकलंस. निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना मदत केल्याबद्दल 1986 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं अमेरिकेला दोषी धरलं, अमेरिकेनं निकाल मानला नाही, सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला, विषय संपला. निकालपत्र काढून वाच. ‘आमच्यात ताकद आहे म्हणून केलं’ असं अमेरिका म्हणत नव्हती. शेजारच्या एल साल्वाडोरच्या संरक्षणासाठी केलं, असं म्हणत होती. न्यायालयानं नेमकं तेच धरलं: नियम मोडणारा नियमातल्याच अपवादाचा आडोसा घेतो, तेव्हा तो नियम पक्काच करतो. निकाराग्वाच्या हाती भरपाई पडली नाही, हेही लिही. लपवू नकोस.

आता घराकडे ये. 29 सप्टेंबर 2019 ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावात काय झालं ते चाळीत कांदा असलेल्या घरातल्या मुलीला मी काय सांगू? त्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. स्वयंपाक्याला कांदा न घालता रांधायला सांगितलंय, असं त्या हसत म्हणाल्या. आणि पुढं, बंद करणार असाल तर आधी थोडी नोटीस द्या. बातम्यांत तो विनोद म्हणून आला. मला नाही वाटत तो विनोद होता. त्यांनी कांदा मागितला नव्हता, शेजारधर्म मागितला होता. आणि ही रीत नुसती तोंडी नाही बरं का. जागतिक व्यापार संघटनेच्या शेतीविषयक कराराचं कलम 12 बघ: खाद्यमालाची निर्यात रोखण्याआधी लेखी कळवावं. विकसनशील देशांना सूट आहे, पण त्या मालाचा निव्वळ निर्यातदार असेल तर नाही. कांद्याच्या बाबतीत आपण कोण, ते तुला ठाऊक आहे.

14 सप्टेंबर 2020 ला पुन्हा तेच, पुन्हा एका फटक्यात. ट्रक सीमेवर उभे. ढाक्यानं पत्र लिहिलं. त्याचा सूर ‘बंदी का घातली’ असा नव्हता, ‘आपलं बोलणं झालं होतं ना’ असा होता. काही दिवसांनी अडकलेला थोडा माल सोडला गेला. फार नाही, थोडाच. पण तो तरी का सोडला, याचं उत्तर तुझ्या म्हणीत सापडत नाही. तुझ्या खर्ड्यात ‘बळी’ म्हणजे वॉशिंग्टन, मॉस्को नाहीतर बीजिंग. इथं कान पिळणारे आपण होतो, आणि आपल्याच शेतकऱ्याचाही कान त्याच चिमटीत होता.

उलटी बाजूही घे. 1946 मध्ये देश स्वतंत्रही नव्हता. तरी दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न आपण संयुक्त राष्ट्रांत नेला, त्या देशाशी व्यापार तोडला. हा आमच्या घरातला मामला, असं तिथले पंतप्रधान स्मट्स यांचं म्हणणं. आमसभेत विजयालक्ष्मी पंडितांनी दोन-तृतीयांश मतं मिळवली. दक्षिण आफ्रिका जागची हलली नाही. सुरक्षा परिषदेनं तिच्यावर सक्तीची शस्त्रबंदी घातली ती 1977 मध्ये, म्हणजे एकतीस वर्षांनी. या मधल्या वर्षांवर तुझ्याकडे एक ओळ नाही.

त्या वेळी आपल्याही जातिभेदाकडे बोट दाखवलं गेलं. बोट दाखवणाऱ्याची नियत साफ नव्हती, पण बोट चुकीच्या जागी नव्हतं. पंचवटीत काळारामाच्या दारात दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी 2 मार्च 1930 ला सुरू झालेला सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला होता, आणि दार उघडलं नव्हतं. हे प्रकरण निबंधात घे. अवघड जाईल, तरी घे.

रविवारी ये. येताना बाबांकडून सप्टेंबर 2020 च्या कांदाविक्रीच्या हिशेबपट्ट्या आण, 14 तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या. ढाक्याच्या पत्राच्या बातम्या मी काढून ठेवतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचू.

तुझे,
सर