हलगीसाठी बकऱ्याचं कच्चं कातडं घरी तयार करता येतं का?

येतं. खाटकाकडचं मीठ लावलेलं कातडं चालेल का आणि ते आधी बाभळीच्या सालीत कमवावं, म्हणजे सालीच्या पाण्यात मुरवून पक्कं चामडं करावं लागेल का, असं तुम्ही विचारलंय. कातडं चालेल, पण कमवू मात्र नका. बाभूळ-हिरड्यात कमावलेलं चामडं कोल्हापुरी चपलेला उत्तम. हलगीवर ते पुरेसं आवळत नाही, आवाज बसका येतो. न कमावलेलं कातडं वाळताना आकसतं, आतले तंतू एकमेकांना चिकटतात आणि पान, म्हणजे हलगीवर ताणलेलं कातडं, कडक होतं. नाद त्यातूनच निघतो.

आधी मीठ काढा. दोन-तीनदा पाणी बदलून रात्रभर भिजवा. मीठ राहिलं तर ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पावसाळ्यात हलगी कितीही शेकली तरी पुन्हा सैल पडते. मग गोल ओंडक्यावर पसरून मांस-चरबी बोथट पात्यानं खरवडा. नवख्यानं धारदार रापीच्या, म्हणजे चांभाराच्या सुरीच्या नादी लागू नये. बारीक चीरसुद्धा ताणल्यावर फाटत जाते.

केसांसाठी विझवलेला चुना प्लॅस्टिकच्या पिंपात कालवा. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नको, चुना ते खातो. पाण्यात चुना ठरावीक प्रमाणातच विरघळतो, त्यामुळे पोतं ओतलं म्हणून काम लवकर होत नाही, तळाशी साका तेवढा बसतो. रोज ढवळा. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत, थंडीत आठवडाभरात केस चिमटीत सुटून येतात. सुटले की त्याच दिवशी काढा. पुढे चुना कातड्याचाच जोर खायला लागतो. हातमोजे आणि चष्मा हवाच. नंतर बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवा.

ओलं असतानाच हलगीच्या गोल लाकडी कड्यावर चढवा, पाठीच्या कण्याची रेघ मधोमध घेऊन. सुरकुत्या जातील एवढंच ताणा. पुढचं काम वाळताना आपोआप होतं. अति ताणलं तर पान फाटतं नाहीतर लाकडी कडं वाकतं. आणि वाळवायचं सावलीत, वाऱ्यावर. घाई करून उन्हात टाकलेलं ओलं कातडं अक्षरशः शिजतं. सुताराचा सरस कातडं शिजवूनच होतो, हे विसरू नका.

रोगानं मेलेल्या जनावराचं कातडं फुकट मिळालं तरी घेऊ नका. काळपुळीचे (अँथ्रॅक्सचे) जंतू वाळल्या कातड्यात वर्षानुवर्षं टिकतात. २००८ साली लंडनमध्ये ढोल बनवणारा एक कारागीर त्यानंच दगावला.