स्पॅनिशमध्ये शहरावरून माणसाला काय म्हणायचं, याला नियम आहे का?

प्रत्यय कोणता लागेल हे शहराच्या नावावरून सांगणारा भरवशाचा नियम नाही. माद्रिदचा माद्रिलेन्यो, बार्सेलोनाचा बार्सेलोनेस, सेवियाचा सेवियानो, बिल्बाओचा बिल्बाईनो. पुणेकर, सातारकर, सोलापूरकर असं एकाच 'कर'वर भागवण्याची सोय इथे नाही. म्हणून शहराच्या नावासोबतच हाही शब्द पाठ करा.

खरा घोळ सान्तियागोंपाशी होतो. चिलीच्या राजधानीतला सान्तियागिनो, क्यूबातला सान्तियागेरो, अर्जेंटिनातल्या सान्तियागो देल एस्तेरोचा सान्तियागेन्यो, आणि स्पेनमधल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेलाचा सान्तियागेस किंवा कोम्पोस्तेलानो. प्रत्यय चुकला की माणूस थेट दुसऱ्या देशात! ब्यूनोस आयर्सचंही तसंच. शहरातला तो पोर्तेन्यो (मूळ अर्थ बंदरावरचा), त्याच नावाच्या प्रांतातला बोनाएरेन्से.

काही शब्द आजच्या नावाशी जुळतच नाहीत, कारण ते शहराच्या प्राचीन नावावरून आलेत. कादिसचा गादितानो हा 'गादेस'वरून, वेल्वाचा ओनुबेन्से 'ओनुबा'वरून, वेस्काचा ओस्सेन्से 'ओस्का'वरून. माद्रिदच्या कोम्प्लुतेन्से विद्यापीठाचं नावही असंच: ते मूळचं आल्काला दे एनारेसचं, आणि त्या गावाचं रोमन नाव कोम्प्लुतुम.

एकदा शब्द कळला की पुढची रूपं मात्र नियमाने चालतात. 'ओ'चा स्त्रीलिंगी 'आ' होतो. 'एस'चं 'एसा', अनेकवचनी 'एसेस'. बार्सेलोनेसमध्ये शेवटच्या स्वरावर असलेलं आघातचिन्ह या दोन्ही रूपांत गळतं, आणि लिहिताना ते गाळायचंच बहुतेकांचं राहून जातं. 'एन्से' दोन्ही लिंगांना एकच. सान सेबास्तियानचा दोनोस्तियार्रा 'आ'ने संपतो, तरी पुरुषालाही तोच चालतो. इंग्रजीच्या सवयीने पहिलं अक्षर मोठं काढू नका. स्पॅनिशमध्ये हे शब्द लहान अक्षरानेच सुरू होतात.

आपल्यासाठी शब्द 'इंदिओ'. पण लॅटिन अमेरिकेत त्याचा पहिला अर्थ तिथला आदिवासी असा घेतला जातो, काही ठिकाणी तो शिवीसारखाही वापरतात. त्यामुळे तिकडे कुठल्याही धर्माच्या भारतीयाला सर्रास 'इंदू' म्हणतात. उच्चार न होणारा 'ह' लिहिताना असतो. दोन्ही टाळायचे असतील तर 'सोय दे ला इंदिया' (मी भारतातला) म्हणा. शहराचा शब्द आठवला नाही तरी हीच युक्ती: 'सोय दे' आणि पुढे गावाचं नाव.