रिक, कॅरल आणि वीस ताडपत्र्या

प्रश्न असा आहे: ‘द वॉकिंग डेड’ या मालिकेतला रिक ग्राइम्स खरंच चांगला नेता होता का? सगळं जग कोसळल्यावर नीतिमत्ता परवडते का, की जगायचं तर ती बाजूला ठेवा, हे त्याचा मित्र शेन म्हणत होता तेच खरं?

दोन सीझन बघून झाले होते तेव्हा विचारलं असतंत तर मी एका ओळीत उत्तर दिलं असतं. शेन बरोबर, आणि नीतिमत्ता सोडू नका म्हणणारा त्यांच्या गटातला म्हातारा डेल नुसता कटकट्या. हे मत लॉकडाउनमधलं, मे २०२० चं. मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि मालिका तिथेच थांबली. वीज गेली, मोबाइलचा टॉवरही गेला. आमचं गाव दापोली तालुक्यात, किनाऱ्यावर. वादळ जमिनीवर चढलं ते वर श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगाला, पण आमच्याकडच्या नारळ-पोफळीच्या बागाही एका दुपारात आडव्या झाल्या. आमच्या वाडीत दिवा लागायला महिन्याच्या वर गेला. तिसरा सीझन लावला तो ऑगस्टात, आणि तोवर माझं मत पार फिरलं होतं. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रिक हा अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला डेप्युटी शेरीफ. गोळी लागून कोमात जातो, शुद्धीवर येतो तर मेलेली माणसं उठून जिवंतांना खात फिरताहेत. मालिका २०१० ते २०२२ चालली, ११ सीझन, १७७ भाग. त्या मढ्यांना तिथे बहुतेक ‘वॉकर’ म्हणतात, झोम्बी नाही. दोन सीझन झाले की त्यांची भीती आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या फुरशाइतकीच उरते. पाय जपून टाकायचा, बॅटरी जवळ ठेवायची, बस्स. खरी भानगड जिवंत माणसांचीच.

तर दुसऱ्या सीझनमध्ये रँडल नावाचं एक पोरगं यांच्या हाती लागतं. परक्या टोळीतलं, पायाला जखम झालेलं. सोडलं तर हा गट राहतो त्या शेताचा पत्ता टोळीला सांगेल, ठेवलं तर खाणारं तोंड वाढणार. त्याला मारायचं असं जवळजवळ ठरतं. डेल एकेकाला गाठून विनवत फिरतो की अरे, निदान दुसरा मार्ग शोधूया. शेवटी सगळे बसतात तेव्हा अँड्रियाखेरीज कोणी त्याच्या बाजूने तोंड उघडत नाही. रिक पिस्तूल रोखतो, पण मागून आलेला त्याचा लहान मुलगा ‘मारा’ म्हणतो आणि रिकचा हात खाली येतो. डेल त्याच रात्री मरतो.

मे महिन्यात मला हा भाग रटाळ वाटला होता. किती ती चर्चा!

आमचा रँडल एक नव्हता, सात होते. मुंबईहून आलेले चाकरमानी, चौदा दिवसांसाठी शाळेत ठेवलेले, त्यात दोन पोरं. वादळाच्या दुपारी शाळेचे पत्रे उडाले आणि ते सातही जण भिजत देवळाशी आले. देवळाच्या सभामंडपाला स्लॅब असल्याने निम्मी वाडी तिथेच जमलेली, म्हातारीकोतारी धरून. दारात ओरडा सुरू झाला, आत घेऊ नका म्हणून. आणि ही माणसं काय परकी? गणपतीत त्यांच्याच ओटीवर आरतीला उभे राहणारे आम्ही. ओरडणाऱ्यांत मी नव्हतो, हे खरं. पण ‘या आत’ असंही मी म्हटलं नाही. अँड्रियासुद्धा जमली नाही मला.

वाडीप्रमुख तात्यांनी कपडे वाळत घालायची दोरी घेतली आणि दोन खांबांना बांधून मंडपाचा एक कोपरा वेगळा केला. सातही जणांना पलीकडे बसवलं. मग आपल्या आईची गोधडी उचलली आणि दोरीच्या अलीकडे, अगदी लगत अंथरली. म्हातारीला तिथे बसवून स्वतः शेजारी बसले. भाषण वगैरे काही नाही, आणि वाऱ्याच्या आवाजात ऐकू तरी काय येणार होतं? पण नंतर कोणी ब्र काढला नाही.

हे पाहिल्यावर रिककडे बघायचा माझा चष्मा बदलला. तो मारतो की सोडतो हे मी मोजायचं सोडलं. निर्णय सगळ्यांदेखत घेतो का, आणि त्याची झळ आधी स्वतःच्या घराला लावून घेतो का, एवढंच बघू लागलो. या हिशेबाने रिक कधी फार वर जातो, कधी फार खाली.

खाली कसा, तर पहिल्या सीझनच्या शेवटी डॉक्टर जेनर त्याच्या कानात सांगतो की लागण सगळ्यांनाच झालेली आहे, चावा असो नसो, मेल्यावर प्रत्येकजण उठणार. रिक हे आख्खा दुसरा सीझन पोटात ठेवतो. सीझनच्या शेवटच्या भागात रस्त्यात थांबलेले असताना ते बाहेर पडतं, लोक चिडतात, आणि त्याच भागात, रात्री शेकोटीपाशी तो जाहीर करतो की आता इथे लोकशाही नाही. या दोन गोष्टी एकाच भागात येतात हे मला पहिल्यांदा लक्षातच आलं नव्हतं. पोटात गोष्टी ठेवायची सवय लागली की चारचौघांत बसणं नकोसं होतं. त्याचं श्रेय एवढंच की तिसरा सीझन संपता संपता तो ते शब्द स्वतःहून मागे घेतो. शेजारच्या वस्तीचा क्रूर म्होरक्या गव्हर्नर, त्याच्याशी तह म्हणून आपल्याच गटातल्या मिशॉनला त्याच्या हवाली करायचं असं त्याने ठरवलेलं असतं. तेही तो सगळ्यांपुढे कबूल करतो, आणि पुढचं तुम्ही ठरवा म्हणतो.

नंतरच्या सीझनमधला टोळीवाला खलनायक नेगन, त्याच्याबद्दल फार लिहीत नाही, त्याच्यावर लोकांनी भरपूर लिहिलंय. पण आपल्या कोकणी माणसाला तो समजायला सोपा. दर खेपेला येऊन निम्मा माल उचलणारा. आमच्या आजोबांच्या तोंडी खोताच्या ‘अर्धेल’चा शब्द होता, निम्मं पीक खोताच्या घरी. अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांविरुद्ध संप केला, जमिनी पेरल्या नाहीत, पण वाकले नाहीत. कायद्याने खोती गेली ती १९४९ साली. नेगनचंही राज्य तीन वस्त्या एकत्र आल्यावरच मोडलं. मात्र एक गोष्ट रिकचे चाहते सोयीने विसरतात. नेगनच्या माणसांना मारायचं काम रिकच्या गटाने हिलटॉप नावाच्या दुसऱ्या वस्तीकडून मोबदल्यावर घेतलं होतं, आणि मोबदला होता हिलटॉपचा निम्मा साठा. शिवाय ते घुसले रात्री, झोपलेल्या माणसांवर. अर्धेल तो अर्धेलच, खोत कोणीही असो.

कॅरलचं मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण तिथे माझीच अडचण आहे.

चौथ्या सीझनमध्ये हे लोक तुरुंगात राहत असतात. रिकने कारभार सोडून शेती धरलेली, निर्णय पाचजणांचं मंडळ घेतं आणि कॅरल त्या मंडळात असते. तापाची साथ येते. ती पसरू नये म्हणून कॅरल दोन आजारी माणसांना गुपचूप मारून जाळते. स्वतःसाठी नाही, सगळ्यांसाठी. रिकला कळतं तेव्हा तो तिला बाहेर नेतो आणि गाडी देऊन सांगतो, परत यायचं नाही. आता गंमत बघा. कॅरलने मंडळाला न विचारता ठरवलं म्हणून रिक तिला शिक्षा देतो, आणि ती शिक्षा तोही मंडळाला न विचारता ठरवतो! आपल्याकडे वाळीत टाकायला निदान गावकी तरी बसायची. (ते वाईटच. महाराष्ट्रात २०१७ पासून त्याविरुद्ध कायदा लागू आहे, आणि तो लागला यात रायगड-रत्नागिरीच्या प्रकरणांचा वाटा आहे.)

माझं प्रकरण असं. वादळानंतर आठवड्याने पुण्याच्या ओळखीच्या मंडळींनी माझ्याकडे वीस ताडपत्र्या पाठवल्या. पाऊस तोंडावर, आणि छपरं उडालेली घरं पस्तीस. सभा घेतली तर भांडणं होणार, जोर करणारा घेऊन जाणार, म्हणून मी एकट्याने यादी केली. विधवा, म्हातारी, लहान पोरं असलेली घरं धरली. भाच्याला घेऊन रात्रीच्या रात्री ताडपत्र्या पोचवल्या. एकही स्वतःच्या घरी ठेवली नाही, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

पण निळी ताडपत्री लपते कुठे? सकाळी डोंगरावरून सगळं दिसत होतं. दुपारपर्यंत वाडीत बातमी झाली की पन्नास आल्या होत्या आणि तीस मी विकल्या.

चार दिवसांनी देवळाच्या अंगणात बैठक बसली, तोंडाला फडकी बांधून, लांब लांब. मी आपला खुलासा करत होतो, कोण किती गरजू वगैरे. तेवढ्यात माझ्या यादीतली सगळ्यात पहिली म्हातारी उठली. घडी घातलेली ताडपत्री तिने माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, “ह्यो तुझा कागद घे बाबा. रातचा आनून दिल्यालं मला नको. सर्वांम्होरं दे, मंग घेते.”

त्या दिवशी तात्यांनी शाळेचा फळा मागवून घेतला आणि यादी नव्याने लिहायला लावली, एकेक घर मोठ्याने म्हणत. भांडणं व्हायची ती झालीच. एकाने तर खडू हिसकावला. म्हातारीचं नाव पुन्हा पहिलंच आलं आणि तिने तीच ताडपत्री उचलली. सतरा नावं माझीच राहिली, तीन बदलली. त्यातल्या दोन घरची माणसं आधीच नातेवाइकांकडे गेली होती, मी रात्री बंद दारापुढे ताडपत्री ठेवून आलो होतो.

तिसरी गेली पऱ्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या घराला. झाडं पडून तिकडची वाट बंद होती, म्हणून मी गेलोच नव्हतो, आणि यादी करताना ते घर मला आठवलंही नव्हतं. तिथे दहा दिवसांची बाळंतीण होती.